दोन पारव्यांचा नाताळ

नोव्हेंबर संपत आला की आमच्या गल्लीतल्या लोकांना एकदम आठवतं की आम्ही ख्रिश्चन आहोत. एरवी वर्षभर आम्ही म्हणजे वरच्या मजल्यावरचे मराठी लोक, बँकवाल्या वहिनी आणि त्यांचे स्कूटरवाले मिस्टर, गणपतीची वर्गणी देणारे, अनंत चतुर्दशीला रात्रभर झांक्या, म्हणजे चित्ररथ, बघत फिरणारे, थोडक्यात बाकीच्या इंदूरकरांसारखेच इंदूरकर. पण डिसेंबर लागला की जिन्यात अडवून प्रश्न सुरू. वहिनी, ट्री केव्हा लावून राहिल्या? केकमध्ये रम टाकता ना? रात्री बारा वाजता डान्स असतो ना तुमच्यात? खालच्या काकूंनी तर एकदा फार प्रेमाने विचारलं होतं की त्या दिवशी तुम्ही साडी नेसता की तो लांब पांढरा गाऊन. मी म्हटलं काकू, गाऊन तर मी रोजच घालते, सकाळी दूध घ्यायला खाली येते तेव्हा तोच असतो.

राग नाही येत. लोकांनी ख्रिश्चन बघितलेत ते सिनेमात, तिथे एक पियानो असतो, एक दारू पिणारे प्रेमळ अंकल असतात आणि घराच्या भिंतीवर भलामोठा क्रूस. आमच्याकडे पेटी आहे, अंकल नाहीत, मिस्टरांना साधी शिकंजी जास्त झाली तरी अ‍ॅसिडिटी होते.

माझ्या सासऱ्यांचे वडील नगरहून इकडे आले, होळकरांच्या राज्यात, शाळामास्तर म्हणून. (नगरचं आता अहिल्यानगर झालंय, म्हणजे आपलं घराणं अहिल्याबाईंच्या जिल्ह्यातून निघून अहिल्याबाईंच्याच गावात आलं असं आमचे मिस्टर सांगतात, आणि हे त्यांना इतकं आवडतं की येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ऐकावं लागतं.) तर नगरचा नाताळ जसाच्या तसा त्यांच्यासोबत आला. फराळ. करंज्या, चकल्या, शंकरपाळे, अनारसे, चिवडा. दिवाळीत शेजारून जी ताटं येतात ती रिकामी परत करायची नाहीत हा नियम, मग नाताळात तीच ताटं भरून जातात. दाराला चांदणीचा कंदील. केकपण असतो, पण सासूबाई सांगतात की त्यांच्या तरुणपणी केकपेक्षा नानकटाईचं कौतुक जास्त होतं, मैदा, साखर, तूप डब्यात घालून बेकरीत जायचं आणि भट्टीसमोर नंबर लावून बसायचं, बाजूच्या बाईचा ट्रे आपल्या ट्रेमध्ये मिसळू नये म्हणून डोळ्यात तेल घालून. कॅरलच्या, म्हणजे घरोघरी जाऊन नाताळची गाणी म्हणायच्या, फेरीत आता गिटार आलीये पण पेटी-तबला अजून सुटलेले नाहीत, आणि नारायण वामन टिळकांचं एखादं भजन लागलं की गिटारवाला पोरगा आपोआप गप्प होतो, कारण तो ठेका त्याच्या हातात बसतच नाही.

हा झाला आमचा नाताळ. त्याच्या डोक्यावर आता दुसराच एक नाताळ येऊन बसलाय.

तो कुठून आला ते नेमकं सांगता येणार नाही, थोडा मॉलमधून, थोडा छप्पन दुकानच्या लायटिंगमधून, बराचसा फोनमधून. फोनमध्ये सगळ्यांचे सोफे पांढरे असतात. सगळ्या घराने एकसारखे चौकडीचे पायजमे घातलेले असतात, चिमणीला लाल मोजे टांगलेले असतात. आमच्याकडे चिमणी एकच आहे, गॅसच्या वर, तिला मोजे टांगले तर दोन दिवसांत तेलाने जड होऊन कढईत पडतील. मग लेकीच्या शाळेतून निरोप येतो की तुम्ही ख्रिश्चन आहात ना, मग सांताचा ड्रेस तुमच्याकडे असेलच, पाठवा. ऑफिसमध्ये सीक्रेट सांता, त्याची चिठ्ठी, त्याचं बजेट, आणि ज्याला गिफ्ट द्यायचं तो माणूस नेमका असा की ज्याच्याशी वर्षभरात व्हाउचर सोडून काही बोलणं झालेलं नाही.

आणि आपली मंडळी काही कमी नाही, हे पण लिहिलं पाहिजे, नाहीतर सगळं पाप मॉलवर ढकलल्यासारखं होईल. कॅरलवाले घरी येतात तेव्हा आमच्या लहानपणी चहा आणि चिवडा मिळायचा, थंडीत चहाच पाहिजे असायचा. मग एका घराने पॅटिस दिले. पुढच्या वर्षी दुसऱ्या घराने पावभाजी ठेवली. मग कोणीतरी गराडूचे कंद तळायला माणूसच बसवला, वरून जिरावण मसाला टाकून गरम गरम, आणि पोरं तिथून हलेनात, पुढच्या तीन घरांची गाणी अर्धीच झाली. आता ज्या घरची परिस्थिती बेताची आहे ते लोक कॅरलची यादी निघाली की म्हणतात आम्ही त्या दिवशी बाहेरगावी आहोत. कुठे बाहेरगावी, घरातच असतात लाइट बंद करून. हे मला फार लागतं. ख्रिस्तजन्माचं गाणं दाराशी येऊ नये म्हणून एखादं ख्रिश्चन घर अंधार करून बसतं आणि त्याचं कारण एक प्लेट पावभाजी.

शिवाय नवीन कपडे सगळ्यांना, पडदे, रंगाचा एक हात, संडेस्कूलच्या नाटकासाठी मेंढपाळांच्या डोक्याला बांधायचे टॉवेल (तेही आता मॅचिंग पाहिजेत), महिला मंडळाचा प्रोग्राम, तरुण संघाचा प्रोग्राम, आणि हे सगळं करायचं कोणी तर घरातल्या बाईने. पुरुष चांदणी टांगतात, हे मान्य, आणि ती टांगल्यावर खाली उभं राहून दहा मिनिटं तिच्याकडे बघतात. बाकी सगळं आपलं. 24 तारखेला रात्री एक वाजता सोऱ्या धुणारी बाई आणि 25 ला सकाळी उपासनेत दुसऱ्या बाकावर डुलक्या घेणारी बाई ही एकच असते, आणि पाळकसाहेब वेदीवरून म्हणत असतात, भिऊ नका, मी मोठ्या आनंदाची सुवार्ता सांगतो. ती बाई भीत नसते, तिला फक्त झोप आलेली असते.

यात एक गंमत आहे, ती मला जुनी माहिती चाळताना सापडली. आमच्या घराला दोन मिशनचा वारसा. नगरकडून अमेरिकन मराठी मिशन, त्यांनी नगरला 1831 साली बस्तान मांडलं. आणि इंदूरला कॅनडाचे प्रेस्बिटेरियन लोक, ते आले 1877 ला, आपलं ख्रिश्चन कॉलेज 1887 चं, ते त्यांनीच काढलेलं. आता ते अमेरिकन मिशनवाले मूळचे न्यू इंग्लंडकडचे, काँग्रिगेशनल पंथाचे, म्हणजे प्युरिटनांचे, त्या जुन्या कडक इंग्रज प्रोटेस्टंटांचे, वारस. आणि प्युरिटनांना नाताळ मान्यच नव्हता! त्यांचा हिशोब सरळ होता, बायबलात तारीख नाही, प्रेषितांनी हा सण पाळल्याचं कुठे लिहिलेलं नाही, आणि लोक त्या दिवशी पिऊन धिंगाणा घालतात, तर मग पाहिजे कशाला. इंग्लंडच्या पार्लमेंटने 1647 साली नाताळ रद्दच करून टाकला होता. तिकडे मॅसॅच्युसेट्समध्ये 1659 पासून 1681 पर्यंत कायदा होता की नाताळ पाळताना सापडलात तर पाच शिलिंग दंड भरा. कॅनडावाल्यांची मुळं स्कॉटलंडच्या चर्चमध्ये, तिथेही तीच तऱ्हा, स्कॉटलंडमध्ये नाताळची सार्वजनिक सुट्टी सुरू झाली ती थेट 1958 साली. म्हणजे आपल्याकडे बड्या दिनाची सुट्टी घेऊन लोक सराफ्यात फिरत होते तेव्हा ज्यांच्या चर्चमधून आमचा धर्म इथवर आला ते लोक डबा घेऊन कामावर जात होते.

मिशनरी इथे पोचेपर्यंत ती कडक हवा बरीच सैल पडत आली होती, ते खरं. आणि पुढे 1970 ला नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं तेव्हा प्रेस्बिटेरियन, काँग्रिगेशनल, अँग्लिकन असे बरेच जण एका छताखाली आले, त्यात अँग्लिकनांना सणांचं आणि पंचांगाचं प्रेम आधीपासूनच. पण जेव्हा कोणी मला म्हणतं की अगं तू ट्री मोठा नाही घेतलास, तुमची तर परंपरा आहे ना, तेव्हा मला हसू येतं. कोणती परंपरा? लंडनमध्ये पहिलं छापील नाताळ-कार्ड निघालं 1843 ला. व्हिक्टोरिया राणीचं कुटुंब ट्रीभोवती उभं आहे असं चित्र तिथल्या पेपरात आलं 1848 ला, आणि ते बघून घरोघरी ट्री आले. ज्याला आपण जुना पारंपरिक नाताळ म्हणतो त्यातलं बरंच सामान आपल्या राजवाड्याहूनही नवीन आहे.

म्हणून आता प्युरिटन व्हायचं का, तर नाही बाबा. सण बंद केल्याने भक्ती वाढते असं मला मुळीच वाटत नाही. नुसता दंड करून माणसाला नम्र करता आलं असतं तर आपल्या ट्रॅफिक चौकात संतच उभे दिसले असते. मला फक्त एवढंच कळलं की ज्या अपेक्षांच्या नावाने आम्ही धापा टाकतो त्या अपेक्षा काही सीनाय पर्वतावरून दगडी पाट्यांवर आलेल्या नाहीत.

मग पर्वतावरून काय आलं होतं? इथे मला लूकच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायातला तो तुकडा फार धरून ठेवतो जो नाताळच्या कुठल्याच नाटकात नसतो. मेंढपाळ आले, देवदूत गेले, नाटकाचा पडदा पडतो, पालक टाळ्या वाजवतात. पण गोष्ट पुढे चालू आहे. बाळ चाळीस दिवसांचं झाल्यावर मरिया आणि योसेफ त्याला घेऊन यरुशलेमच्या मंदिरात जातात. नियमशास्त्रात, लेवीयच्या बाराव्या अध्यायात, लिहिलेलं आहे की बाळंतिणीने शुद्धीकरणासाठी एक वर्षाचं कोकरू आणावं आणि एक पारवा किंवा होला. आणि लगेच पुढे लिहिलंय की कोकरू आणायची ऐपत नसेल तर दोन होले किंवा पारव्याची दोन पिल्लं चालतील. लूकने काय लिहिलंय, तर या दोघांनी ती दोन पाखरांचीच अर्पणं दिली. कोकराचं नावच नाही. तो मुद्दाम सांगत नाही की ते गरीब होते, फक्त पावती दाखवतो आणि पुढे जातो.

बँकेत इतकी वर्षं काढल्यावर मला अशा ओळी लवकर दिसतात.

मी कल्पना करते की मंदिराच्या आवारात गर्दी आहे, शेजारी कोणीतरी बाई कोकरू घेऊन उभी आहे, चांगलं धष्टपुष्ट, आणि मरियेच्या हातात बाळ आणि योसेफाच्या हातात ती दोन पाखरं. नाझरेथकडच्या एखाद्या मावशीने म्हटलंही असेल की पहिला मुलगा, तोही तुमच्याच सांगण्यानुसार देवदूत वगैरे येऊन झालेला, आणि कोकरू नाही आणलं? बायबलात असलं काही लिहिलेलं नाही, हे माझं आपलं. पण मावश्या सगळीकडे असतात. योसेफाने कोकरासाठी हप्ता बांधला नाही, कुणाकडून उसने घेतले नाहीत. जे जमत होतं ते दिलं आणि ते स्वीकारलं गेलं. आणि त्याच वेळी शिमोन नावाचा म्हातारा समोरून आला, त्याने बाळाला हातात घेतलं आणि म्हणाला आता मला शांतीने जाऊ दे, माझ्या डोळ्यांनी तारण पाहिलं. हन्ना नावाची म्हातारी आली, ती तर सगळ्यांना सांगत सुटली. या दोघांपैकी कोणीही विचारलं नाही की तुम्ही अर्पण काय आणलं.

मला यात सगळ्यात धक्का देणारी गोष्ट ती सवलत वाटते. देवाच्या कायद्यात, ज्याला आपण कडक समजतो त्या जुन्या करारातल्या कायद्यात, ऐपत नसलेल्या बाळंतिणीची सोय आधीच लिहून ठेवलेली आहे, तिला कोणापुढे तोंड वेंगाडावं लागू नये म्हणून. आणि आपण प्रेमाने, हौशीने, कोणाला दुखवायचं नाही म्हणून जो नाताळ उभा केलाय त्यात अशी सोय नाही. त्यात सगळ्यांनी कोकरूच आणायचंय.

तर आमच्या घरात आता हा परवलीचा शब्द झालाय. डिसेंबरमध्ये काहीही निघालं की कोणीतरी विचारतं, हे कोकरू आहे का पारवा? मिस्टरांना गॅलरीभर लायटिंगचा पडदा लावायचा होता, रिमोटवाला, आठ प्रकारे चमकणारा. लेक म्हणाली, पप्पा, कोकरू. ते जरा हिरमुसले पण जुनी चांदणी काढून पुसायला लागले. कॅरलवाल्यांना आमच्याकडे चहा आणि चिवडा, बस, आणि हे मी आधीच महिला मंडळाच्या मीटिंगमध्ये मोठ्याने सांगून टाकलं म्हणजे बाकीच्यांना पण मोकळं होता येईल. दोघीतिघींनी तोंड वाकडं केलं. एक म्हणाली तुमचं काय, तुम्ही नोकरीवाल्या, तुमच्याकडे वेळ नाही म्हणून साधेपणा. असेल तसंही असेल, पण चहा-चिवडाच मिळणार.

फराळाच्या बाबतीत मात्र माझी आणि सासूबाईंची जुंपली. मी म्हटलं आई, यंदा अनारसे नको, फार वेळखाऊ काम, विकतचे आणू थोडे. त्या काही बोलल्या नाहीत, संध्याकाळी बघते तर तांदूळ भिजत घातलेले. मग तीन दिवस रोज पाणी बदलणं, सुकवणं, कुटणं, गुळात मळून डबा बंद करून ठेवणं, आणि मधेमधे झाकण उघडून वास घेणं. आगमनकाळ, म्हणजे नाताळची वाट बघायचे दिवस, पण मला त्या अनारशाच्या पिठासारखाच वाटतो, मुरू दिलं नाही आणि घाईने तुपात सोडलं की हसतं आणि सगळीकडे पसरतं. सासूबाई खसखशीवर अनारसा थापताना गुणगुणत असतात, कुठलंतरी जुनं भजन, दोन ओळी आठवतात आणि तिसरीला त्या पुन्हा पहिलीवर येतात. ते बघितलं आणि वाटलं की माझ्यासाठी जे कोकरू आहे तो त्यांचा पारवा आहे. त्यांना ते जड नाही. जड तेव्हा झालं असतं जेव्हा मी ते काढून घेतलं असतं. म्हणजे साधेपणाच्या नावाखाली मी कात्री घेऊन दुसऱ्याच्या हौसेवर बसायचं नाही हा पण एक नियम आता ठरलाय. अनारसे राहिले. शंकरपाळे गेले, ते माझ्याकडे होते. शेजारच्या ताटांना हात लावायचा नाही हे मात्र दोघींना मान्य, ताटं कमी नाही करायची, हवं तर त्यात दोनच पदार्थ जाऊ देत.

आगमनकाळाचं आमच्याकडे असं चालतं. नाताळच्या आधीचे चार रविवार. एका परातीत वाळू, त्यात चार मेणबत्त्या, दर रविवारी संध्याकाळी एक जास्त पेटवायची, यशयातला किंवा लूकमधला एक तुकडा वाचायचा, एक गाणं, झालं. दहा मिनिटं लागतात, तेही गाणं लांबलं तर. ही मेणबत्त्यांची पद्धत हॅम्बुर्गची, योहान विखर्न नावाचे एक पाळक गरीब मुलांसाठी घर चालवायचे, मुलं सारखी विचारायची नाताळ कधी, नाताळ कधी, म्हणून त्यांनी 1839 मध्ये गाडीचं जुनं चाक टांगून त्यावर मेणबत्त्या लावल्या, रोजची छोटी आणि रविवारची मोठी. विकत घ्यायचं काही नव्हतं त्यात. आता त्याच मोजणीचे चोवीस कप्प्यांचे डबे मिळतात, रोज एक चॉकलेट, आणि लेकीच्या मैत्रिणीकडे तो आहे, त्यामुळे आमच्या परातीकडे बघून लेकीने पहिल्या वर्षी जो उसासा सोडला तो शेजारी ऐकू गेला असेल. यंदा तिनेच वाळू आणली, बाजूला बांधकाम चालू आहे तिथून, न विचारता.

गिफ्टचं थोडक्यात. सांताक्लॉज ज्यांच्यावरून आला ते संत निकोलस, चौथ्या शतकातले मायराचे बिशप, आताच्या तुर्कस्तानातलं ते गाव. त्यांची जी कथा सांगतात ती आपल्याला समजावून सांगावी लागत नाही, एका बापाकडे तीन मुलींच्या हुंड्याला पैसे नव्हते, निकोलसने रात्री गुपचूप खिडकीतून सोन्याच्या थैल्या टाकल्या, नाव न सांगता. त्यांच्या नावाने आता सेल्फी पॉइंट असतो. आम्ही लेकीला एक गिफ्ट देतो, एकच, आणि एक पाकीट पाळकसाहेबांकडे देतो, मंडळीतल्या कोणाच्या तरी फीसाठी, कोणाच्या ते आम्ही विचारत नाही. आता इथे लिहिलं म्हणजे गुपित फुटलंच, पण माझं नाव कुठे सांगितलंय मी.

अजून एक सापळा आहे, त्याबद्दल कोणी बोलत नाही. साधेपणाचीच हौस सुटते. ब्राउन पेपर, सुतळी, वाळवलेल्या संत्र्याच्या चकत्या, मातीच्या रंगाची चादर, आणि त्याचं रील, खाली लिहायचं की यंदा आम्ही नाताळ साधा ठेवलाय. ऑनलाइन एक साधी हाताने कोरलेली लाकडी गव्हाणी बघितली, तिची किंमत बघून वाटलं एवढ्यात तर खरी शेळी आली असती, दूध पण मिळालं असतं वर. प्लॅस्टिकची लाल-हिरवी चमकी लावणाऱ्या घरांकडे बघून नाक मुरडायचा मला काही अधिकार नाही. ती चमकी त्यांनी वर्षभर पिशवीत जपून ठेवलेली असते. कदाचित तोच त्यांचा पारवा.

माझे सासरे गेले त्या वर्षीचं सांगते. ऑक्टोबरमध्ये गेले. डिसेंबरमध्ये खालच्या काकू आल्या आणि हळूच म्हणाल्या, यंदा तुमच्याकडे सण नसेल ना, वर्ष व्हायचंय अजून. त्यांच्याकडे वर्षभर सण करत नाहीत, त्या आपल्या चालीने आमचं दुःख सांभाळत होत्या, आणि खरं सांगायचं तर आईंना तेच बरं वाटलं असतं. दुसरीकडे मंडळीतले लोक म्हणत होते, आता तर जास्त आनंद करा, बाबा प्रभूजवळ आहेत, खरा नाताळ तर ते तिकडे करून राहिले. तेही प्रेमानेच. पण ज्या बाईचा पन्नासेक वर्षांचा संसार नुकताच संपलाय तिला आनंद करा असं सांगणं म्हणजे अजून एक पदार्थ करायला सांगण्यासारखंच, हातात बळ नसताना.

त्या डिसेंबरमध्ये मत्तयाचा दुसरा अध्याय मी नीट वाचला. ताऱ्याच्या मागे मागे येणारे मागी, म्हणजे पूर्वेकडचे ज्ञानी लोक, आणि त्यांचं सोनं आपल्याला माहीत असतं, पण त्याच अध्यायात हेरोद राजाने बेथलेहेममधली दोन वर्षांच्या आतली मुलं मारली ते आहे, आणि राहेल आपल्या मुलांसाठी रडतेय, सांत्वन नको म्हणतेय, ते पण आहे. चर्चच्या जुन्या पंचांगात त्या मुलांचा दिवस 28 डिसेंबरला येतो, नाताळनंतर तिसऱ्या दिवशी. केक संपायच्या आत. म्हणजे ज्यांनी हे पंचांग बसवलं त्यांनी रडण्यासाठी जागा ठेवली होती, ती नंतर कुठेतरी हरवली. त्या वर्षी कॅरलवाले आले ते वर नाही आले, जिन्यातच उभं राहून एक भजन म्हटलं, बाबांना आवडायचं ते. आई दाराच्या चौकटीला धरून रडल्या. मग त्यांनीच आत जाऊन चिवड्याचा डबा आणला आणि पोरांना ओरडल्या की पायऱ्यांवर सांडू नका.

ट्रीबद्दल विचाराल तर ट्री आहे. छोटा, प्लॅस्टिकचा, राजवाड्याच्या फुटपाथवरून घेतलेला, त्याची एक फांदी मांजराने खाल्लीये. लेकीला पाहिजे म्हणून आहे. त्याच्याखाली ती गोठा करते, पुठ्ठ्याचा, आणि त्यात गाय, गाढव, मेंढ्या, एक वाघ आणि एक डायनोसॉर असतात, कारण जे आहे ते. मिस्टरांनी वाघाबद्दल हरकत घेतली तर म्हणे यशयात लिहिलंय ना लांडगा कोकराजवळ राहील, मग वाघाने काय केलंय. रविवारची परात वाया जात नाहीये एकूण. काकूंची नातवंडं तो गोठा बघायला येतात, झांकी म्हणतात त्याला, आणि बाळाच्या पुढ्यात एक एक रुपया ठेवून हात जोडून जातात. ते पैसे लेक दानाच्या पेटीत टाकते, बहुतेक. मी मोजत नाही.

आणि उरलेलं जे होत नाही ते होत नाही. दरवर्षी काहीतरी राहतं, कोणाकडे ताट पोचत नाही, कोणाला जेवायला बोलवायचं राहतं, आत्याबाईंचा फोन राहतो आणि त्या मग मार्चपर्यंत लक्षात ठेवतात. पण नाताळ 25 ला संपतो हे सांगितलं कोणी? चर्चच्या हिशोबाने तो 25 ला सुरू होतो आणि 6 जानेवारीला प्रकटीकरणाचा दिवस येतो तोपर्यंत चालतो, मागी लोकांचा दिवस. ते मागी तर चांगलेच उशिरा पोचलेले दिसतात, मत्तयात ते गोठ्यात नाही, घरात येतात, तोवर बिऱ्हाड हललेलं असावं. इतक्या लांबून आले, उशिरा आले, रस्ता चुकून आधी भलत्याच राजाच्या दारात गेले, तरी मरियेने त्यांना आता काय उपयोग असं म्हटल्याचं कुठे लिहिलेलं नाही. त्यामुळे यंदा ऑफिसवाल्यांना मी 25 ला बोलावलेलंच नाही, त्यांना सांगितलंय जानेवारीच्या पहिल्या रविवारी या, तोवर माझी झोप पण झालेली असेल. काकूंना पण त्याच दिवशी. चकल्या तोपर्यंत पुरायला पाहिजेत, आईंनी एक डबा वरच्या फळीवर लपवलाय, जागा मला माहीत आहे. नाहीच पुरल्या तर इंदूर आहे, शेव कुठे मिळत नाही.